दगडावर लागते, जंगलात टिकत नाही: चाकूची धार वारंवार का जाते आणि त्यावर काय करावे

तक्रार अशी असते. घरी दगडावर घासल्यावर चाकू मनगटावरचे केस काढतो, वर्तमानपत्राचा कागद सरळ कापतो. तोच चाकू सातपुड्यात पालच्या किंवा तोरणमाळच्या बाजूला मुक्कामी नेला की चार काटक्या तासून आणि संध्याकाळचा कांदा चिरून होईपर्यंत टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागतो. परत आल्यावर पुन्हा धार लावली जाते आणि पुन्हा तेच होते. दोन-तीन वेळा असे झाले की बहुतेक जण एक तर चाकूचे पोलाद हलके आहे असे म्हणतात, नाही तर दगड पुरेसा बारीक नाही असे ठरवून ३००० किंवा ८००० नंबरचा दगड मागवतात. ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या चाकूंमध्ये पोलाद खरोखर वाईट असल्याचे मला क्वचितच आढळले आहे, आणि नुसत्या बारीक दगडाने तक्रार मिटल्याचे त्याहूनही क्वचित. धार लवकर जाते तेव्हा बहुतेक वेळा ती मुळात पूर्ण लागलेलीच नसते, आणि ही गोष्ट दगड हातात घेण्याआधी पाते नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.

इथे विचार केला आहे तो कमरेला म्यानात बाळगायच्या, न मिटणाऱ्या चाकूचा: पाते साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब, पाठ ३ ते ५ मिलिमीटर जाड. कारखान्यात बनलेला स्टेनलेसचा चाकू आणि गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला चाकू, दोन्ही यात येतात.

आधी धार कशी गेली ते पाहा

खोलीतला दिवा मालवून डोक्याला लावायची बॅटरी सुरू करावी आणि धार वर करून पाते डोळ्यांसमोर धरावे. नीट लागलेल्या धारेवरून प्रकाश परतत नाही, काठावर काळोखच दिसतो. जिथे चकाकणारी रेघ किंवा ठिपका दिसेल तिथे धार नाही. टोकापासून मुठीपर्यंत अखंड बारीक रेघ चमकत असेल तर धार झिजून गोल झालेली आहे. सुटे सुटे ठिपके चमकत असतील आणि नख काठावरून लांबीच्या दिशेने सरकवताना अडखळत असेल तर धार खांडली आहे, म्हणजे तिचे कण उडाले आहेत. तिसरा प्रकार असा की पाठीकडून धारेकडे नख नेताना एका बाजूने ते सहज सुटते आणि दुसऱ्या बाजूने अडते. तेव्हा धार वळली आहे किंवा काठाला पातळ पापुद्रा लटकतो आहे. दहापट दाखवणारे साधे भिंग जवळ असेल तर शंका राहत नाही.

या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. झिजलेल्या धारेला घासणे लागते, खांडलेल्या धारेला बहुधा कोन (पाते दगडावर किती उभे धरायचे ते) वाढवावा लागतो, आणि वळलेल्या धारेला पुष्कळदा घासण्याची गरजच नसते. तिघींनाही सारखेच घासत बसल्याने पाते अरुंद होत जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

न निघालेली बर: सर्वांत नेहमीचे कारण

पात्याची एक बाजू दगडावर घासत राहिले की काठाजवळचे पोलाद इतके पातळ होते की दाबापुढे तग न धरता ते दुसऱ्या बाजूला झुकते. हा झुकलेला पापुद्रा म्हणजे बर. वर्कशॉपमध्ये छिद्र पाडल्यावर पत्र्याच्या काठाला उरणाऱ्या चरचरीत कडेला जे म्हणतात तेच. बर येणे ही चांगली खूण आहे, कारण घासणे नेमक्या काठापर्यंत पोहोचल्याचा तो पुरावा असतो. ती शेवटपर्यंत राहून जाणे हा दोष आहे.

सरळ उभी राहिलेली बर खऱ्या धारेपेक्षाही पातळ असते. त्यामुळे ती केस काढते, कागद कापते, अंगठ्याला बोचते, आणि धार लावणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते. लाकडाशी पहिली गाठ पडताच ती आडवी होते किंवा तुटते, आणि तुटली की खाली उरतो तो फाटका, सपाट काठ. घरी इतका धारदार असलेला चाकू जंगलात तासाभरात बोथट का होतो, याचे उत्तर बहुतांशी इथेच आहे: घरी केस काढत होती ती बर होती. म्हणून केस निघण्याच्या एकट्या चाचणीवर मी कधी विसंबत नाही.

बर ओळखायला खानदेशात साधन शोधावे लागत नाही. सरकी काढलेल्या कापसाचा सैल पुंजका घ्यावा आणि पाठीकडून धारेकडे, धार ओलांडून बाहेर जाईल असा, अजिबात दाब न देता ओढावा. मग पाते उलटून दुसऱ्या बाजूने तेच करावे. जिथे बर आहे तिथे तंतू अडकून काठावर राहतो, आणि ज्या बाजूने ओढताना अडकला त्याच बाजूला ती झुकलेली असते. अंगठ्याच्या पेरालाही बर जाणवते, पण बारीक दगडानंतर उरणारी बर बोटाला लागत नाही आणि कापसाला लागते.

ती काढण्याची रीत सावकाशीची आहे. आधी दगडाच्या भरड बाजूवर एका अंगाने, मुठीपासून टोकापर्यंत सलग बर येईपर्यंत घासावे. नंतर दुसऱ्या अंगाने तेवढेच. इथे किती वेळा घासले हे मोजण्यात अर्थ नाही, बर आली की नाही एवढेच पाहायचे. मग बारीक बाजूवर पाच-पाच, चार-चार, तीन-तीन अशा उतरत्या क्रमाने दोन्ही अंगे आळीपाळीने घासावीत आणि प्रत्येक फेरीला दाब कमी करत न्यावा. शेवटी एक इकडे, एक तिकडे, फक्त चाकूच्या स्वतःच्या वजनाने, धार पुढे ठेवून, दगडावरून साबणाचा पातळ पापुद्रा काढत असल्यासारखे. हा शेवटचा भाग लोक घाईने उरकतात, कारण भरड दगडावर जसा कीस दिसतो तसा इथे काही दिसत नाही. पण दाब जास्त राहिला तर प्रत्येक फटक्याला बर फक्त कूस बदलते, जात नाही.

इतके करूनही कापूस अडकत असेल तर पाते नेहमीच्या कोनापेक्षा चार-पाच अंश अधिक उभे धरून प्रत्येक अंगाला एक किंवा दोन अगदी हलके फटके द्यावेत. या उभ्या कोनात दगड बरेला वळवत नाही, मुळाशी कापतो. स्वस्त, मऊ स्टेनलेसमध्ये बर विलक्षण चिवट असते आणि तिथे हा उपाय जवळपास नेहमीच लागतो. चांगले पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून, विझवून कडक केलेल्या कार्बन पोलादात ती बहुधा दाब कमी करण्यानेच सुटते. लाकडाच्या कडेत धार ओढून बर उपटून काढण्याची पद्धत पुष्कळांना आवडते. तिने बर जाते हे खरे, पण ती कापली न जाता फाटते आणि काठ ओबडधोबड राहतो. त्यानंतर दगडावर पुन्हा काही हलके फटके दिले नाहीत तर तो काठ फार टिकत नाही.

शेवटी चामडे. जुन्या कमरपट्ट्याचा तुकडा, खडबडीत बाजू वर करून, सपाट फळीवर चिकटवला आणि त्यावर धातू चमकवण्याची हिरवी वडी चोळली की पट्टा तयार होतो. पाते त्यावर पाठ पुढे, धार मागे अशीच ओढायची, घासताना ठेवलेल्याच कोनात. प्रत्येक अंगाला दहाच्या आसपास फेऱ्या पुरतात. चामडे दाबाखाली खचते आणि काठाभोवती वर येते, त्यामुळे जोर लावला तर आतापर्यंत केलेली धार तेच गोल करून टाकते.

किती बारीक दगडापर्यंत जावे, याचे माझे उत्तर ठाम आहे: लाकूड, दोर आणि स्वयंपाक या कामांसाठी ४०० ते १००० नंबरवर थांबून बर स्वच्छ काढलेली धार ही ८००० नंबरवर चमकवलेल्या पण बर राहिलेल्या धारेपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. नंबरांच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र हवी. वॉटर पेपरवरचा पी १००० म्हणजे सुमारे १८ मायक्रॉनचा कण. त्याच आकड्याच्या जपानी दगडातला कण त्याहून बारीक असतो. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एका रांगेत लावले तर पुढचा टप्पा मागच्याहून भरड निघण्याचीही शक्यता असते.

घासूनही धारच येत नाही

वरच्या तक्रारीची ही दुसरी बाजू आहे: तासभर घासले, उतार (काठाकडे निमुळती होत गेलेली बाजू) चकचकीत झाला, पण कागद फाटतो, कापला जात नाही. इथे दगड काठापर्यंत पोहोचतच नाही. धारेच्या उतारावर दोन्ही बाजूंनी मार्कर पेनने शाई लावावी, नेहमीच्या सवयीने दोन-तीन हलके फटके द्यावेत आणि पाहावे. शाई वरच्या खांद्याजवळ, म्हणजे उतार जिथे सुरू होतो तिथे, गेली आणि काठाजवळ राहिली, तर पाते फार आडवे धरले जात आहे. काठाजवळ गेली आणि वर राहिली, तर फार उभे. बहुतेक वेळा पहिला प्रकार दिसतो, आणि तो एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढे काय करायचे हे सांगावे लागत नाही: पाते थोडे उभे करायचे, किंवा त्याच कोनात सलग बर येईपर्यंत धीर धरून घासायचे.

कोन डोळ्यांनी मोजता येत नाही, पण उंचीने मोजता येतो. पाते ३० मिलिमीटर रुंद असेल तर एका अंगाला २० अंशांसाठी पाठीचा मध्य दगडापासून १० मिलिमीटरच्या किंचित वर हवा; १५ अंशांना तो ८ मिलिमीटरच्या जरा खाली आणि २५ अंशांना १३ मिलिमीटरच्या जरा खाली येतो. पाठीचा मध्य असे मुद्दाम म्हटले आहे. पाठ ४ मिलिमीटर जाड असेल तर २० अंशांना तिची खालची कड दगडापासून साडेआठ मिलिमीटरच्या आतच असते, आणि तिथून दहा मोजणाऱ्याचा कोन नकळत २३-२४ अंशांवर जातो. त्या उंचीची लाकडी पट्टी कापून दगडाशेजारी ठेवली आणि सुरुवातीला व मधून मधून पाठ तिच्याशी ताडून पाहिली तर हाताला आठवडाभरात सवय होते.

रानात वापरायच्या चाकूला एका अंगाला २० ते २२ अंश मला योग्य वाटतात. पाठीवर दांडका मारून लाकूड फोडण्याची सवय असेल तर २५. स्वीडनमधल्या मोरा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाकूंसारखे, ज्यांना एकच रुंद उतार असतो, ते याला अपवाद आहेत: त्यांचा उतार दगडावर पूर्ण टेकवून घासायचा असतो. त्या धारेचा कोन लहान असल्याने ती तासकामाला उत्तम आणि आघाताला नाजूक असते. ती वारंवार खांडत असेल तर शेवटी थोडे उभे धरून दिलेले दोन-तीन हलके फटके पुरेसे होतात.

पोटाजवळ आणि टोकाजवळ धार न येण्याचे कारणही कोनच आहे. पाते जिथे वळते तिथे ते त्याच पातळीत सरकवत नेले की काठ दगडाला टेकेनासा होतो; वळणावर मूठ किंचित उचलत न्यावी लागते, आणि किती उचलावी हे मार्करची शाई सांगते.

दगडच काम करत नसेल तर

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एका बाजूने भरड, दुसऱ्या बाजूने बारीक असा आठ इंची दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा असतो, एडवर्ड अ‍ॅचेसन यांना १८९१ मध्ये अमेरिकेत गवसलेल्या कृत्रिम पदार्थाचा. तो कोणत्याही चाकूच्या पोलादापेक्षा कठीण आहे. असा दगड गुळगुळीत होऊन ‘मेला’ असे म्हणतात तेव्हा बहुधा कण संपलेले नसतात, कणांमधली भोके बुजलेली असतात.

ती बुजण्याचे आपल्याकडचे एक खास कारण म्हणजे स्वयंपाकघरातले तेल. धार लावताना हाताशी असलेले सरकीचे, सूर्यफुलाचे किंवा सोयाबीनचे तेल दगडावर ओतण्याची पद्धत घराघरांत आहे. ही तेले हवेत हळूहळू सुकतात, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच, आणि रोगणासारखा चिकट थर धरून पोलादाचा कीस आत कोंडतात. खोबरेल तेल तसे सुकत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते थिजते. शिवणयंत्राचे पातळ तेल वापरावे, नाही तर साबणाचे एक-दोन थेंब घातलेले साधे पाणी. पाण्याबाबत एवढेच लक्षात ठेवायचे की जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना दगडावरचे पाणी बघता बघता उडून जाते आणि कोरड्या दगडात कीस रुतत राहतो. त्या दिवसांत सकाळी लवकर काम करावे आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

बुजलेला दगड टर्पेंटाइनमध्ये, विस्तवापासून लांब, उघड्या जागी रात्रभर भिजवावा, ताठ ब्रशने घासावा, नंतर कडक पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. तरीही चावत नसेल तर वरचा थर काढावा लागतो, आणि तेव्हाच तो सपाट आहे का हेही पाहावे. स्टीलची पट्टी उभी ठेवून खालून उजेड येतो का ते बघितले की कळते. वर्षानुवर्षे मध्यभागीच घासलेला दगड खोलगट होतो, आणि अशा दगडावर हाताने कितीही नेमका कोन धरला तरी काठाला मिळणारा कोन जागोजागी वेगळाच असतो. जाड काचेवर १२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवून, दगडावर पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा मारून, सर्व रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर फिरवावा. काम कंटाळवाणे आहे, पण खोलगट दगडावर नवा चाकू बिघडवण्यापेक्षा फार स्वस्त आहे.

खाचेतून पाते ओढायची तयार यंत्रे मिळतात, त्यांची शिफारस मी करत नाही. त्यांतली कार्बाइडची पाती धारेचे पोलाद लांबीच्या दिशेने ओरबाडतात, कोन चाकूकडे न पाहता स्वतःचाच देतात, आणि वर लिहिलेली बर तशीच सोडून देतात.

पाणी उतरलेले पाते

कोन बरोबर आहे, बर निघाली आहे, दगड सपाट आहे, आणि तरीही धार मेणासारखी वळते, तेव्हा पोलादाचे पाणी उतरल्याचा संशय घ्यावा. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर धार लावून घेतलेल्या चाकूंमध्ये हे वारंवार दिसते. विळ्या-कोयत्यांच्या जाड धारेला ते चाक चालून जाते, पण पातळ काठ ठिणग्यांबरोबर क्षणात तापतो. कार्बन पोलादावर साधारण २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २६०च्या आसपास तपकिरी, २८०च्या आसपास जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा रंग चढतो. चाकूचे पाते बहुधा २०० अंशांच्या आसपास पाणी परतवलेले, म्हणजे विझवल्यावर ठिसूळपणा कमी करायला परत तापवलेले असते, त्यामुळे काठ निळा दिसला म्हणजे तिथला कडकपणा गेला. दुसरे कारण आपल्याच हातचे आहे. शेतावर पऱ्हाटीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजताना ती उलटायला आणि निखारे सारायला कमरेचा चाकूच पुढे केला जातो. निखाऱ्यांचे तापमान वरच्या सगळ्या आकड्यांच्या खूप पुढे असते आणि पातळ धार सर्वांत आधी तापते. काडी घ्यावी, चाकू नाही.

खात्री करायला नवी बारीक कानस पात्याच्या बिनधारेच्या भागावर आणि मग अगदी काठाजवळ हलकी ओढून पाहावी. कडक पोलादावर कानस बहुतांशी घसरते, मऊवर चावते. फक्त काठाजवळ चावत असेल तर नुकसान वरवरचे आहे: पाणी वापरत, हाताने, भरड दगडावर तो एक-दोन मिलिमीटरचा भाग काढून टाकला की खाली चांगले पोलाद मिळते. नव्या कोऱ्या चाकूची पहिली धार कधी कधी टिकत नाही आणि दोन-तीन वेळा धार लावल्यावर तोच चाकू सुधारतो, त्याचेही कारण पुष्कळदा हेच असते की कारखान्यातल्या पट्ट्यावर काठ तापलेला असतो. सर्वत्र कानस चावत असेल तर पाते पुन्हा तापवून पाणी देण्यावाचून गत्यंतर नाही आणि ते काम लोहाराचे आहे.

कमानीच्या पाट्याच्या चाकूंमध्ये याच्या उलट दोषही आढळतो. पाते लाल करून विझवले, पण नंतर परत तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केला नाही, तर धार वळत नाही, तुटते. काठ करवतीसारखा दातेरी होतो. कोन २५ अंशांवर नेऊनही खांडणे थांबत नसेल तर मूठ काढून पाते घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवावे, गार होऊ द्यावे आणि पुन्हा एकदा तेच करावे. या दोषावर एवढा साधा आणि इतका परिणामकारक उपाय दुसरा मला माहीत नाही.

वापरातली कारणे

सर्व काही नीट केलेली धार एका मिनिटात घालवणारी वस्तू म्हणजे स्टीलचे ताट. मुक्कामावर पाट नसतो म्हणून कांदा-मिरची ताटातच चिरली जाते, आणि प्रत्येक फटक्याला काठ धातूवर आपटून वळतो. लाकडाची एक चपटी ढलपी सामानात ठेवली तर हा प्रश्न संपतो.

लाकडालाही ओळखून वागावे लागते. साग हाताला मऊ वाटतो, पण त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. बांबूच्या बाहेरच्या सालीतही ती भरपूर असते. अंजनाचे लाकूड तर भारतातल्या अत्यंत कठीण आणि जड लाकडांपैकी आहे. त्याच्या वाळक्या फांदीत पाते मारून बाजूला पिळले की खांडणे ठरलेलेच. पडलेल्या लाकडाच्या सालीत उन्हाळी वाऱ्याने भरलेली माती आणि खडे असतात, म्हणून आधी चाकूच्या पाठीने साल खरडून टाकावी आणि मगच धारेने तासावे. हा सराव शेतातल्या निंबाच्या-बाभळीच्या काटक्यांवर करावा. यावल किंवा गौताळा अभयारण्यात लाकडाला हात लावण्याची कायद्याने मुभा नाही.

न वापरताही धार जाते, ती गंजाने. पावसाळ्यात तोरणमाळच्या धुक्यातून फिरून आलेले चामड्याचे म्यान कित्येक दिवस ओल धरते, आणि आत ठेवलेल्या कार्बन पोलादाचा सर्वांत पातळ भाग, म्हणजे नेमका काठ, सर्वांत आधी खाल्ला जातो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत चाकू वापरला की केळीच्या चिकाने पाते काळे पडते. तो चीक तसाच वाळू दिला तर खालचा काठ खरबरीत होतो. पाते त्याच दिवशी धुऊन, पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवावा, आणि घरी चाकू व म्यान वेगवेगळे ठेवावेत. म्यान उलटे करून आपटले की आतली वाळूही बाहेर पडते. प्रत्येक वेळी पाते आत-बाहेर करताना ती धारेवर घासत असते.

मुक्कामावर धार सावरताना

मुक्कामावर पूर्ण धार लावत बसू नये. तळहाताएवढी, ६०० नंबरच्या आसपासची डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेला पत्रा) आणि चामड्याची वीतभर पट्टी एवढे सामान पुरते. धार वळल्याची पहिली खूण दिसताच चामड्यावर दहा फेऱ्या द्याव्यात. तेवढ्याने भागले नाही तरच प्लेटवर प्रत्येक अंगाला पाच-सहा हलके फटके, तेही दाब न देता, कारण डायमंडचे कण दाबाने पत्र्यातून उखडतात. धार पुरती जाईपर्यंत थांबले तर तेच काम दसपट होते.

प्लेट विसरली असेल तर चिनी मातीचा चहाचा कप उलटा करावा. त्याच्या बुडाची जी कड बिनचकाकीची, खरबरीत असते, ती बारीक दगडाचे काम करते. पाते धुऊन, ओल्या कडेवर, नेहमीच्याच कोनात आणि अतिशय हलक्या हाताने फिरवावे. नदीतला काळा गोटा हा शेवटचा पर्याय आहे. आपल्याकडचा काळा पाषाण कडक पोलादाला फार हळू घासतो आणि त्यात मधूनच गारेचे कठीण स्फटिक असतात, ज्यांवर काठ खांडू शकतो. म्हणून ओला करून बोटाने चाचपताना सर्वत्र सारखा लागेल असा गुळगुळीत, सपाट गोटाच निवडावा आणि त्यावर फक्त वळलेला काठ सरळ करण्यापुरते काम करून थांबावे.